बाळाच्या हृदयातला पेसमेकर घडलाच नाही का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका 29 वर्षांच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि पती व सासू-सासऱ्यांसह तालुक्याच्या गावी राहतात. हे त्यांचे पहिलेच बाळंतपण असून पंचविसावा आठवडा सुरू आहे. विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफी व्यवस्थित होती; मात्र तेविसाव्या आठवड्यातील नेहमीच्या तपासणीत बाळाचे ठोके मिनिटाला 60च्या आत भरले, म्हणून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी फीटल इकोसाठी, म्हणजे गर्भातील बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, पाठवण्यात आले. ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक, वरच्या कप्प्यांचे ठोके 142, खालच्या कप्प्यांचे 58, हृदयाची रचना सामान्य, बाळाच्या अंगात कोठेही पाणी साठलेले नाही’ अशी नोंद त्या अहवालात आहे. पुढे रक्ततपासणीत त्यांच्या रक्तात ‘अँटी-रो’ ही शरीराच्या स्वतःच्याच घटकांविरुद्ध काम करणारी प्रतिपिंडे आढळली. त्या लिहितात, “मला कोणताही आजार नाही, डोळे तेवढे चुरचुरतात, ते वह्या तपासून.” हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर सहाव्या आठवड्याच्या सुमारास घडू लागतो असे त्यांनी इंटरनेटवर वाचले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्यांना ताप होता, त्या पॅरासिटामॉल घेत होत्या आणि निवडणूक प्रशिक्षणासाठी एसटीने रोज ये-जा करत होत्या. “तेव्हा घरी बसले असते तर बाळाच्या त्या पेशी नीट तयार झाल्या असत्या का?” असा त्यांचा प्रश्न आहे. सासूबाईंच्या मते ज्या बाळाचे हृदयच अपुरे आहे ते पुढे नेऊ नये. पतीला प्रयोगशाळेत पेसमेकर पेशी तयार झाल्याची बातमी सापडली असून त्या उपचाराची वाट पाहावी असे त्यांना वाटते. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा पर्याय सांगितला आहे आणि तो घ्यावा की नाही हे लेखिकेला ठरवता येत नाही.

तुमच्या घरात सध्या सगळे जण 58 या आकड्याविषयी बोलत असणार आणि ते स्वाभाविकच आहे. पण मला तुमचे लक्ष अहवालाच्या त्याच ओळीतील 142 या आकड्याकडे वेधायचे आहे. हा आकडा हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, म्हणजे अलिंदांचा आहे, आणि अलिंदांना ठोका देण्याचे काम ज्या नैसर्गिक पेसमेकरचे, त्याला सायनस नोड म्हणतात. चोवीस-पंचवीस आठवड्यांच्या बाळाचे ठोके मिनिटाला 140च्या आसपास असतात. तुमच्या बाळाचा सायनस नोड मिनिटाला 142 वेळा, नियमितपणे, ज्या वेगाने काम करायला हवे त्याच वेगाने काम करतो आहे. तुम्ही जी गोष्ट घडलीच नाही असे समजून स्वतःला दोष देत आहात, ती घडली आहे, आणि नीट घडली आहे.

अडचण आहे ती त्या ठोक्याचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत पोहोचवणाऱ्या वाटेत; तिथल्या अडथळ्यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात. ती वाट म्हणजे एव्ही नोड, आणि तो सायनस नोडपासून सर्वस्वी वेगळा आहे. या दोन्ही जागांचा शोधही वेगवेगळ्या लोकांनी लावला: एव्ही नोड 1906 मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरांनी दाखवून दिला, तर सायनस नोड त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी. हा फरक तुमच्यासाठी पुस्तकी नाही, कारण सहाव्या आठवड्याविषयीची तुमची सगळी टोचणी या दोन गोष्टी एक समजल्यामुळे निर्माण झालेली आहे. म्हणून गर्भात हे सारे कसे घडते ते जरा सविस्तर सांगतो. पुढचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

बाळाचे हृदय धडधडू लागते ते गर्भधारणेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजले तर पाचवा आठवडा संपून सहावा लागण्याच्या सुमारास. त्या वेळी हृदयाला चार कप्पे नसतात, ती एक साधी नळी असते, आणि सायनस नोड म्हणून दाखवता येईल अशी वेगळी जागाही नसते. त्या नळीतील जवळजवळ प्रत्येक स्नायुपेशी आपणहून आकुंचन पावू शकते. त्यांपैकी रक्त जिकडून आत येते त्या टोकाकडील पेशींची लय सर्वांत जलद असते, म्हणून बाकीच्या पेशी त्यांच्या मागे जातात. पुढच्या काही आठवड्यांत त्याच टोकाला नव्या पेशींची भर पडत जाते आणि ठोका देण्याचे काम या नव्या पेशींकडे सरकते. अगदी शेवटी येऊन मिळणाऱ्या पेशींपासून ‘सायनस व्हिनोसस’ हा भाग तयार होतो, आणि त्यातून उजव्या बाजूला, शरीराच्या वरच्या भागातील रक्त आणणारी ऊर्ध्व महाशीर उजव्या अलिंदाला जिथे मिळते त्या सांध्यावर, सायनस नोड आकाराला येतो. सोनोग्राफीत या काळात ठोके झपाट्याने वाढताना दिसतात: सहाव्या आठवड्यात साधारण 110, नवव्याच्या सुमारास 170, आणि नंतर हळूहळू पुन्हा 140-150.

या पेशींचे वैशिष्ट्य असे की त्या मोठ्या होतानाही आपला मूळ स्वभाव राखून ठेवतात. हृदयातील इतर स्नायुपेशी जसजशा वाढतात तसतशा जोरकस आकुंचन पावू लागतात, शेजारच्या पेशींशी विजेचा जलद संपर्क जोडतात आणि आपणहून ठोका देणे मात्र सोडून देतात. पेसमेकर पेशींना त्या वाटेने जाऊ न देणारी जनुके असतात. ॲमस्टरडॅममधील अँतून मूरमन आणि व्हिन्सेंट क्रिस्टोफेल्स यांच्या गटाने उंदरांवरील अभ्यासातून टीबीएक्स-3 या जनुकाचे हे काम उलगडले; शॉक्स-2 हे दुसरे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या गर्भांत सायनस नोड खुरटा राहतो आणि ठोके मंदावतात. अशा रीतीने राखल्या गेलेल्या पेशींच्या आवरणात विशिष्ट प्रकारची सूक्ष्म दारे असतात, ज्यांतून प्रत्येक ठोका संपताच सोडियम हळूहळू आत झिरपतो, पेशीतील विद्युतदाब चढत जातो आणि पुढचा ठोका आपोआप पडतो. हा प्रवाह 1979 मध्ये ऑक्सफर्ड येथे ब्राउन, डीफ्रान्चेस्को आणि नोबल यांनी नोंदवला. मला हे सारे फार विलक्षण वाटते, आणि तुम्ही स्वतः शिक्षिका असल्यामुळे तुम्हालाही वाटेल, म्हणून थोडे अधिक लिहिले.

आता तुमचा सहावा आठवडा. वर सांगितलेली सगळी प्रक्रिया कोणती पेशी कोठे आहे आणि तिच्यात कोणती जनुके चालू आहेत यांवर चालते. एसटीतील धक्के किंवा जिने चढणे यांचा तिच्याशी काहीही संबंध येत नाही. नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या पॅरासिटामॉलनेही असा ब्लॉक होत नाही, आणि गरोदरपणात तीव्र ताप अंगावर काढण्यापेक्षा तो उतरवणे केव्हाही इष्ट. सायनस नोड खरोखर न घडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत, पण ती निराळी दिसतात. ‘लेफ्ट आयसोमेरिझम’ नावाच्या दोषात बाळाची डावी आणि उजवी बाजू ठरण्यातच गडबड होते आणि हृदयाच्या दोन्ही बाजू डाव्यासारख्या घडतात. एरवी डावीकडे सायनस नोड होऊ नये याची काळजी पिटएक्स-2 हे जनुक घेत असते, त्यामुळे अशा बाळांत तो नोड नसतो किंवा अगदी खुरटा असतो. त्यांच्या हृदयाच्या रचनेत बहुधा इतरही दोष असतात आणि वरच्या कप्प्यांचे ठोकेही मंद असू शकतात. तुमच्या अहवालात यांपैकी काहीही नाही.

मग झाले काय? सुरुवातीला वरचे आणि खालचे कप्पे स्नायूने सलग जोडलेले असतात. पुढे त्यांच्यामध्ये तंतुमय पडदा तयार होतो, जो वीज जाऊ देत नाही, आणि शेताच्या बांधातून पाणी जायला एकच मोरी ठेवावी तशी एकच वाट उरते: एव्ही नोड आणि त्याच्या खालचा हिस बंडल. तुमच्या बाळातही ही वाट तयार झाली होती. विसाव्या आठवड्यातील तपासणीत ठोके व्यवस्थित होते, याचा अर्थ तेव्हा संदेश खाली जात होता. नंतर ती वाट दुखावली गेली, आणि तुमच्या रक्तातील अँटी-रो प्रतिपिंडे हे त्याचे कारण असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. आईच्या रक्तातील या प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. एरवी बाळाला जंतुसंसर्गापासून संरक्षण मिळावे म्हणूनच निसर्गाने ही सोय केलेली आहे. पण हे वहन सुरू होते पहिली तिमाही संपत येताना आणि वाढते ते सोळाव्या आठवड्यानंतर. अँटी-रोमुळे होणारा ब्लॉक बहुतेक वेळा अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यांत दिसून येतो, याचे कारण हेच. एव्ही नोडच्या पेशींना सूज येते आणि सूज ओसरल्यावर तिथे व्रण राहतो. सहाव्या आठवड्यात ही प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचण्याजोगी वाटच नव्हती.

तुम्ही विचाराल की ती प्रतिपिंडे तर माझीच, म्हणजे दोष पुन्हा माझ्याकडेच आला. तसे म्हणता येणार नाही. ती तुम्ही कमावलेली नाहीत, ती आहेत हे तुम्हाला ठाऊक नव्हते, आणि गरोदरपणातील नेहमीच्या तपासण्यांत ती शोधली जात नाहीत. ज्या स्त्रियांच्या रक्तात अँटी-रो असते त्यांच्यापैकी शंभरात एका-दोघींच्याच बाळाला असा ब्लॉक होतो. उरलेल्यांची बाळे या त्रासावाचून जन्मतात. आपल्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत हे कितीतरी आयांना तुमच्यासारखेच बाळाच्या सोनोग्राफीनंतर प्रथम कळते.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांच्या बोलण्यामागे कठोरपणा असेल असे मी गृहीत धरत नाही. आपल्या सुनेला आणि नातवंडाला पुढे त्रास होऊ नये ही काळजीच त्यात असावी. पण ‘हृदय अपुरे आहे’ हा त्यांचा समज चुकीचा आहे. चारही कप्पे, झडपा आणि मोठ्या रक्तवाहिन्या व्यवस्थित आहेत, पेसमेकर चालू आहे आणि खालच्या कप्प्यांनी संदेश येत नसतानाही स्वतःच्या राखीव क्षमतेवर 58 ठोके धरून ठेवले आहेत. या राखीव ठोक्यांचा वेग 55च्या वर असणे, अंगात पाणी नसणे आणि रचना सामान्य असणे या तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. अँटी-रोमुळे ब्लॉक झालेल्या बाळांच्या अमेरिकेतील एका मोठ्या नोंदणीत साधारण पाचांपैकी चारांहून अधिक बाळे जगली, आणि जी दगावली त्यांच्यात अंगात पाणी झालेली व ठोके फार मंद असलेली बाळे अधिक होती. त्याच नोंदणीतील सुमारे 70 टक्के मुलांना पुढे केव्हा ना केव्हा कृत्रिम पेसमेकर बसवावा लागला, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. धोका आहे, तो खरा आहे, आणि त्याचे माप मांडूनच निर्णय घ्यायचा आहे.

कायद्याचेही स्पष्ट सांगतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपलीकडील गर्भपात, आईचा जीव वाचवण्याचा प्रसंग सोडल्यास, गर्भात गंभीर व्यंग असल्याचे राज्याने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाने ठरवले तरच करता येतो, आणि सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती लागते ती फक्त तिचीच. पती किंवा सासू-सासऱ्यांची नाही. गर्भ पुढे न्यायचा की मंडळाकडे अर्ज करायचा याचे उत्तर मी देणार नाही, कारण ते देण्याचा अधिकार माझा नव्हे. माझा आग्रह एवढाच आहे की तुम्ही जे ठरवाल ते बालहृदयरोगतज्ज्ञांशी निवांत बोलून, अहवाल समोर ठेवून ठरवा. ‘हृदय घडलेच नाही’ या चुकीच्या वाक्यावर ठरवू नका. जमल्यास त्या भेटीला सासूबाईंनाही बरोबर न्या. इकोच्या पडद्यावर वरचे कप्पे भराभर हलताना आणि खालचे सावकाश पण नेटाने आकुंचन पावताना दिसतात. डॉक्टरांना ते बोट ठेवून दाखवायला सांगा. घरात आठवडाभर समजावून जे पटत नाही ते कित्येकदा त्या पडद्यासमोर पटते.

पतीने वाचलेली बातमी खोटी नसावी. लॉस एंजेलिस येथील एदुआर्दो मार्बान यांच्या गटाने 2014 मध्ये, हार्ट ब्लॉक असलेल्या डुकरांच्या हृदयात टीबीएक्स-18 हे जनुक सोडून साध्या स्नायुपेशींना पेसमेकरसारखे काम करायला लावले होते, आणि टोरंटो येथील गॉर्डन केलर यांच्या प्रयोगशाळेत 2017 मध्ये मानवी मूलपेशींपासून सायनस नोडसारख्या पेशी तयार झाल्या. गर्भातील घडणीचा जो क्रम मी वर सांगितला, तोच समजून घेऊन या शास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत पुन्हा घडवून आणला, म्हणून या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. पण हे प्रयोग प्राण्यांच्या पायरीवरचे आहेत. नवजात बाळावर उपचार म्हणून त्यांतील काहीही आज कोणत्याही रुग्णालयात मिळत नाही. पतीला प्रेमाने सांगा की वाट पाहण्यासारखी ती गोष्ट नाही. अशा उपचाराच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ज्याच्यावर भरवसा ठेवता येईल तो धातूच्या डबीतला साधा पेसमेकर आहे. तो माणसाच्या शरीरात प्रथम बसवला गेला 1958 मध्ये स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन यांना. त्यानंतर ते 2001 पर्यंत, वयाच्या 86व्या वर्षापर्यंत जगले. आजची यंत्रे त्या पहिल्या यंत्राहून किती तरी लहान आणि खात्रीची आहेत.

स्टिरॉइडचा प्रश्न खरोखरच अवघड आहे आणि त्याबाबत तज्ज्ञांतही एकमत नाही. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड वारेतून बाळापर्यंत पोहोचते, म्हणून ते सुचवले जाते; सूज ताजी असेल, ब्लॉक अर्धवट असेल किंवा हृदयाच्या स्नायूलाही सूज असल्याची चिन्हे असतील, तर काही केंद्रे ते देतात. मात्र एकदा पूर्ण झालेला ब्लॉक त्याने उलटत नाही. शिवाय त्याने आईची साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, बाळाची वाढ खुंटू शकते आणि गर्भजल कमी होऊ शकते. तुमच्यासारख्या परिस्थितीत, म्हणजे ब्लॉक पूर्ण झालेला, ठोके 58 आणि अंगात पाणी नाही, तेव्हा माझा कल औषध न देता बारकाईने लक्ष ठेवण्याकडे झुकतो; पण बाळाचा इको मी पाहिलेला नाही, म्हणून माझ्या मताला तुमच्या डॉक्टरांच्या मतापेक्षा अधिक वजन देऊ नका. त्यांना एकच प्रश्न थेट विचारा: “या औषधाने नेमके काय सुधारेल अशी तुमची अपेक्षा आहे, आणि ते सुधारले नाही तर किती आठवड्यांनी बंद करायचे?” याचे स्पष्ट उत्तर मिळाले तर औषध घेतानाही मन स्वस्थ राहील आणि न घेतानाही.

यापुढे दर एक-दोन आठवड्यांनी फीटल इको करून घ्यावा लागेल. त्यात खालच्या कप्प्यांचे ठोके, हृदयाची आकुंचनाची ताकद आणि पोटात, छातीत किंवा हृदयाभोवती पाणी साठते आहे का, एवढ्या गोष्टी पाहिल्या जातात. ठोके 50-55च्या खाली गेले किंवा पाणी दिसू लागले तर ठोके वाढवणारी औषधे देण्याचा आणि प्रसूतीची वेळ अलीकडे आणण्याचा विचार होतो. बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

प्रसूती मात्र गावात नको, या एका बाबतीत मी ठाम आहे. बाळंतपण ओळखीच्या दवाखान्यात व्हावे असे घरातल्यांना वाटणे समजण्यासारखे आहे, पण बाळ जन्मल्यावर पहिल्याच दिवशी पेसमेकर लागू शकतो आणि ते काम नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग, बालहृदयरोगतज्ज्ञ आणि बाळांवर हृदयशस्त्रक्रिया करणारे पथक हे तिन्ही एकाच छताखाली असतील तेथेच होते. मुंबई, पुणे किंवा नागपूर यांपैकी तुम्हाला जवळचे शहर निवडा आणि तिसाव्या आठवड्याच्या आत तिथे एकदा जाऊन नाव नोंदवा. कळा सुरू असताना बाळाची अवस्था त्याच्या ठोक्यांच्या आलेखावरून जोखली जाते. पूर्ण ब्लॉकमध्ये तो आलेख वाचता येत नाही, म्हणून बहुधा सिझेरियन आधी ठरवून केले जाते, आणि सगळे स्थिर असेल तर 37 आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबतात. बाळ पुरेसे वाढलेले असणे फार महत्त्वाचे आहे, कारण अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला पेसमेकर बसवणे कितीतरी कठीण जाते.

एक लहानशी वाटणारी पण जिवाशी गाठ असलेली गोष्ट. समजा आठव्या महिन्यात पोटात दुखले म्हणून तुम्ही रात्री जवळच्या दवाखान्यात गेलात. तिथली परिचारिका पोटावर डॉपलर ठेवील, तिला 58 ठोके ऐकू येतील आणि बाळ गुदमरते आहे असे समजून तातडीच्या सिझेरियनची धावपळ सुरू होईल; तिच्या शिक्षणाप्रमाणे तिचे काहीच चुकलेले नसेल. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडून सही-शिक्क्यानिशी चार ओळींचे पत्र आताच लिहून घ्या: बाळाला पूर्ण हार्ट ब्लॉक आहे, त्याचे नेहमीचे ठोके इतके आहेत, केवळ मंद ठोक्यांवरून प्रसूती करू नये, आणि अमुक क्रमांकावर फोन करावा. ते पत्र तपासणीच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा, त्याचे छायाचित्र पतीच्या व तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या आणि गावातल्या आशाताईंनाही दाखवून ठेवा.

जन्मानंतर बाळाचा ईसीजी आणि इको होईल. ठोके पुरेसे असतील आणि बाळ दूध पीत, वजन धरत असेल तर पेसमेकर लगेच बसवत नाहीत, नियमित तपासण्यांवर ठेवतात. बसवावा लागलाच तर इतक्या लहान बाळात तारा हृदयाच्या बाहेरच्या बाजूला टाकतात आणि डबी पोटाच्या भिंतीत ठेवतात. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते आणि मूल वाढते तशी तारांचीही फेरतपासणी होते. अशी मुले शाळेत जातात, पळतात, खेळतात. तुमची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तातून सहा ते नऊ महिन्यांत नाहीशी होतात. तोवर अंगावर पुरळ येऊ शकते, म्हणून कडक उन्हापासून जपा. स्तनपानाला आडकाठी नाही. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या दोन्हींची चौकशी नाव नोंदवायला जाल तेव्हाच करा. रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा की नवजात बाळाचा पेसमेकर योजनेत बसतो का, आणि बाळाचे नाव रेशनकार्डावर नसताना कोणते कागद लागतील. हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या दिवशी विचारण्याची वेळ येऊ देऊ नका.

याच विषयावर इतरही वाचक लिहितात, त्यांच्यासाठी थोडे. सोनोग्राफीत बाळाचे ठोके मंद आढळले म्हणजे ब्लॉकच असतो असे नाही. प्रोबच्या दाबाने ठोके क्षणभर मंदावतात आणि आपोआप सावरतात; अलिंदातून वेळेआधी पडणारे जास्तीचे ठोके खाली पोहोचत नाहीत तेव्हाही आकडा कमी भरतो, आणि हा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो. हे प्रकार आणि ब्लॉक यांतला फरक फीटल इकोत कळतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत म्हणून लगेच धीर सोडू नये, कारण गर्भाची लांबी 7 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. आणि ज्यांना ल्युपस किंवा शोग्रेन यांसारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार आहे, किंवा ज्यांच्या आधीच्या बाळाला असा ब्लॉक झाला होता, त्यांनी दिवस राहण्यापूर्वीच अँटी-रो तपासून घ्यावे.

शेवटी तुमच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी, कारण पत्रात तिला तुम्ही एकच ओळ दिली आहे. डोळे चुरचुरणे वह्या तपासण्यामुळेही असेल, पण अँटी-रो असलेल्या व्यक्तीत ते शोग्रेन आजाराचे पहिले लक्षणही असू शकते. तोंडाला कोरड पडते का, सुका घास गिळताना पाणी लागते का, सांधे सकाळी आखडतात का, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर लाली येते का, हे आठवून लिहून ठेवा आणि संधिवाततज्ज्ञांना याच महिन्यात दाखवा. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांतील ओलाव्याची चाचणीही करून घ्या. त्या भेटीत पुढच्या गरोदरपणाविषयी बोलायला संकोचू नका. एकदा असे झाल्यावर पुढच्या बाळाला ब्लॉक होण्याचा धोका 15 ते 20 टक्क्यांच्या घरात जातो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅच’ या अभ्यासात, दहाव्या आठवड्याच्या आत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू केलेल्या आयांमध्ये हे प्रमाण 7.4 टक्के आढळले. ते औषध चालू बाळंतपणात बाळाचा ब्लॉक दूर करू शकत नाही, परंतु तुमच्या स्वतःच्या लक्षणांसाठी ते आताच लागेल की नाही, हे संधिवाततज्ज्ञ तुम्हाला तपासून सांगतील.